पाखरं हाकायला लावलेला सिनेमा

दीपमालानं फडताळातून पापडाचा डबा काढला आणि तो हातात धरून ती तशीच उभी राहिली. डबा पत्र्याचा, चपटा, गोल, ताटाएवढा. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘खडी – ५’ असं लिहिलेलं. महिनाभर राखेनं घासूनही ते गेलं नव्हतं. एरवी त्या अक्षरांकडं तिचं लक्ष जात नसे. आज सोप्यात आत्ती येऊन बसल्या होत्या, आणि डबा त्यांचा होता.

उद्या तिच्या मुलाचा पहिला वाढदिवस. तासगावहून व्हिडिओवाला ठरवला होता, भन्तेजींना निरोप गेला होता. सासऱ्यांनी, म्हणजे राजाराम होवाळांनी, पुण्याला पत्र टाकून थोरल्या बहिणीलाही बोलावलं होतं. आक्काताई, म्हणजेच आत्ती, एक दिवस आधीच सकाळच्या एसटीनं उतरल्या आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, की मी माझे अकरा डबे न्यायला आलेय. ते ऐकलं तसा दीपमालाचा नवरा कपिल बागेकडं निघाला. जाता जाता स्वयंपाकघरात डोकावून बायकोला दबक्या आवाजात म्हणाला, "माळ्यावर हायत म्हन. उद्याचा दिस निभावला की मी बघतो."

त्याला काय बघायचं होतं ते दीपमालाला चांगलं ठाऊक होतं. अकरातले तीनच डबे आता भरलेले होते. ती घाईनं पापड परातीत ओतायला लागली, तेवढ्यात "पाणी दे गं," म्हणत आत्ती आतच आल्या. सोप्यात पाहुणीसारखं बसून राहणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

पाण्याच्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही.

"ह्यात पापड हायत?"

"व्हय आत्ती. उडदाचं."

"आन ह्यात हुतं ते?"

दीपमाला पदराशी चाळा करत राहिली. "ह्यांना इचारा, आत्ती."

"त्याला इचारीनच. आधी तू सांग. तू घरात हुतीस का न्हाई?"

"हुते."

दाराशी आम्रपाली, कपिलची धाकटी बहीण, पीठ चाळत बसली होती. इस्लामपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि घरात तिला सगळे तोंडाळ म्हणत. खरं बोलणाऱ्या पोरीला आपल्याकडं दुसरा शब्द नाही. तिनं चाळण खाली ठेवली.

"वैनी, सांग की. न्हाईतर मी सांगते. आत्ती, तुमची फिल्म बागेत हाय. दादानं पाखरांसाठी लावलीय."

"लावलीय म्हंजे?"

"टांगलीय. मांडवावर."

आक्काताईंनी चप्पल घातली आणि त्या मागच्या दारानं बागेकडं निघाल्या. छप्पन वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, पण आम्रपालीला तिच्यामागं पळावं लागलं.

या बाईनं काय केलं होतं, ते या घरात कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं, म्हणून इथं सांगायला हवं. म्हसवडजवळच्या वस्तीतली ही पोर सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या एका स्टुडिओत कपडे शिवायला गेली. पुढं फिल्मचे तुकडे जोडायच्या खोलीत बसली आणि सतरा वर्षं तिथून उठली नाही. किती दिग्दर्शकांचे फसलेले प्रसंग तिनं ब्लेडनं सरळ केले, त्याची कुठं नोंद नाही. त्र्याहत्तरच्या दुष्काळात ती माण तालुक्यात परत आली, कॅमेरा घेऊन. खडी फोडणाऱ्या बायकांचाच सिनेमा तिनं काढला, त्यांच्याच तोंडच्या बोलीत. आपल्या मुलखात त्याआधी कुठल्या बाईनं असं धाडस केलं नव्हतं.

तिला काय मिळालं? निर्माता म्हणाला, दिग्दर्शक म्हणून नाव माझं घालू, बाईचं नाव बघून थेटरात कोण येतंय? ती म्हणाली, मग मी डबे उचलून घरी जाते. नाव तिचं राहिलं, थेटरं मात्र मिळाली नाहीत. साताऱ्यात अकरा दिवस चालला. पत्रकार आले ते कॅमेरामनला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, खरं सांगा, सिनेमा कुणी केला? पुढं सहापैकी पाच प्रती जत्रांच्या तंबूंतून फिरून झिजल्या आणि चांदी काढायला भट्टीत गेल्या. मूळ निगेटिव्ह ज्या प्रयोगशाळेत होती ती बंद पडली. उरली एक प्रत. आक्काताईंच्या पुण्याच्या खोलीवर पत्रा होता, उन्हाळ्यात तापायचा. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी अकरा डबे भावाच्या थंडगार माळ्यावर आणून ठेवले.

गेल्या महिन्यात पत्र आलं. पुण्यात मार्चमध्ये बायकांनी केलेल्या सिनेमांचा महोत्सव होता आणि त्यात पहिल्या दिवशी ‘खडी’ दाखवायचा होता. वीस वर्षांनी कुणीतरी सिनेमाचं नाव आणि त्यापुढं त्यांचं नाव एकाच ओळीत लिहिलं होतं. ते पत्र त्यांच्या पिशवीत होतं.

बागेच्या कडेला त्या थांबल्या. फेब्रुवारीतली द्राक्षबाग, घडांत पाणी भरलेलं, मणी काचेसारखे झालेले. आणि मांडवाच्या या डांबापासून त्या डांबापर्यंत, ओळीमागून ओळ, पीळ देऊन ताणलेल्या काळ्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या. वारा आला की त्या एकदम गुणगुणायच्या. मांडवावर बसायला आलेला बुलबुल वळून परत गेला.

आक्काताईंनी हात वर करून एक पट्टी खाली ओढली. ती फवारणीच्या औषधानं पांढरट निळी झाली होती, जागोजाग पोपडे उडालेले. तारेला घासून कडेची भोकं फाटली होती. आणि जिथं दोन तुकडे जोडले होते तिथं गाठ होती. दाव्याला मारतात तशी, निरगाठ.

पाठीवर पंप घेतलेला कपिल ओळीतून बाहेर आला. त्यानं तोंडावरचा रुमाल काढला.

"आत्ती, तुमी कशाला आलासा उन्हात?"

"ही गाठ कुनी मारली?"

"मी."

"फिल्मला गाठ मारत न्हाईत, कपिल. ब्लेडनं खरडायचं, गोंद लावायचा, दाबून धरायचं. पडद्यावर कळत बी न्हाई जोड हाय म्हनून. सतरा वर्सं मी तेवढंच केलं."

कपिलला वाटलं, बाई समजूतदारपणे बोलतायत. त्याला धीर आला. "आत्ती, लपवायचं मनात नव्हतं. दोन सालांमागं साळुंक्यांनी निम्मा माल फोडला. टेपरेकॉर्डरच्या पट्ट्या लावल्या, त्या चार दिसांत तुटल्या. ही तुमची लय दणकट निघाली. आवाज करती, चमकती, तुटत न्हाई. आजूबाजूची बागवाली बघाय येत्यात."

बघायला येतात. पंचक्रोशीतले लोक अखेर ‘खडी’ बघायला आले होते, आणि कपिल हे कौतुकानं सांगत होता, हातात पंपाची नळी धरून. आम्रपालीनं भावाकडं असं बघितलं, की त्यानं नजर खाली घातली.

"गेल्या सालची कुठं हाय?" आक्काताईंनी विचारलं.

"छाटणीला काढली."

"काढून कुठं ठेवली?"

"काड्यांबरूबर पेटवली."

"किती डबे?"

"चार. औंदा चार. तीन अजून वर हायत, आत्ती, त्यांना हात लावला न्हाई."

"मला एक कार्ड टाकाय काय झालतं?"

कपिल जरा घुटमळला, मग त्याच्याही आवाजाला धार आली. "पंधरा वर्सं पडून हुतं. कोन मागाय आलं न्हाई. तुमीबी आला न्हाईसा. मला वाटलं, तुमाला नको असंल."

"मी आले न्हाई, कारन माझ्या भावाच्या घरात हुतं," आक्काताई म्हणाल्या. "तुज्या लग्नाची कॅसेट कुठं हाय रं?"

"कपाटात."

"कशात गुंडाळलीय?"

आम्रपालीनं सांगून टाकलं, "मखमलीत. वर प्लास्टिकची पिशवी. कुलपात हाय."

सोप्यात राजाराम होवाळ खुर्चीत बसूनच होते. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला माणूस, पाठ अजून सरळ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, त्याखाली आई. आई म्हणजे दोन वर्षांपूर्वी पेंटरकडून काढून घेतलेलं चित्र. आईचा, म्हणजे बनाबाईचा, फोटो असा कधी निघालाच नव्हता. पंचाहत्तर साली ती गेली तेव्हा राजाराम सरहद्दीवर होते, तार मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांनी पेंटरला बसवून तोंडी वर्णन सांगितलं होतं, नाक असं, कपाळ असं.

बहीण आत आली आणि तिनं पट्टीचा गुंता त्यांच्या पायाशी टाकला. तिच्यामागं आम्रपाली आणि पाठीवर पंप तसाच घेऊन कपिलही आला. हे होणार असं राजाराम मनातून केव्हाचं धरून होते. त्यांनी ठरवलेलं वाक्य म्हटलं.

"आक्का, पोराची चूक झाली. मी त्याला बोलीन. पर उद्या घरात पावनं हायत, मंगल कार्य हाय. आज आवाज वाढवू नगंस."

"पोराची एकट्याची?"

"मग कुनाची?"

दीपमाला दारात उभी होती. सकाळपासून ती नवऱ्याच्या बाजूनं खोटं बोलायच्या तयारीत होती. पण सासऱ्यांनी सगळं पोरावर ढकललेलं तिला सोसलं नाही. "आबा, तुमीच तर माळ्यावरनं काढून दिलंसा. ह्यांनी इचारल्यालं तुमाला."

"तू गप गं," कपिल म्हणाला.

"का गप? उद्या सगळं माज्यावर यील, ह्या डब्यात पापड भरलं म्हनून."

राजारामांनी हात वर केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, तेवढं पलटणीनं शिकवलं होतं. "दिलं मी. वर पडून करायचं काय हुतं त्याचं? उंदरं लागायची. पोराच्या बागंला उपेगी पडलं."

"तुझी पलटणीची ट्रंक वर पडलीय. तिचा पत्रा काप की बागंला."

"ट्रंकंची गोष्ट येगळी."

"कशी येगळी? तुझी नोकरी ती नोकरी, आन मी काय केलं ते अडगळ. हे एकदा तोंडानं म्हन, राजा. वीस वर्सं मनात म्हनत आलास."

कपिल मध्ये पडला. "आत्ती, जे झालं ते झालं. तीन डबे हायत, तेवढे दाखवा की पुण्यात."

"दाखवणार. पहिलं, दुसरं आणि अकरावं; आम्रपालीला माळ्यावर चढवून नंबर बघितलेत मी." रागाच्या भरात आक्काताई पुण्याच्या भाषेत आल्या होत्या, सभेत बोलावं तशा. "आणि मधल्या आठ रिळांच्या वेळेला मी पडदा रिकामा ठेवायला सांगणार. पुढं उभी राहून सांगणार, की ती कुठं आहेत. कुणाच्या बागेत टांगली, कुणी पेटवली, सगळं."

कपिलचा चेहरा उतरला. यंदा त्याचा माल पहिल्यांदा परदेशी जायचा होता, बागायतदार संघात नुकतं त्याला बसायला जागा मिळाली होती. ती जागा मिळवायला होवाळांच्या पोराला दुसऱ्यांच्या दुप्पट राबावं लागलं होतं, हेही खोटं नव्हतं. "आत्ती, पेपरात यील. आमचं नाव तेवढं घेऊ नगा. पाया पडतो."

"नाव माजंबी तेच हाय," आक्काताई म्हणाल्या. "त्या नावासाठी मी अकरा दिसांत सिनेमा उतरू दिला."

मग राजारामांचा जुना राग वर आला, जो ते इतकी वर्षं गिळत आले होते.

"तुला तुज्या नावाचं पडलंय. हितं काय हुतं, काय नव्हतं, कवा बघितलंस? आईचा एक फोटू नव्हता घरात. पोरांना आजी कशी दाखवायची? मी पेंटर बसवून काढून घेतली. तू तवा कुठं हुतीस?"

आक्काताईंनी मान वर करून चित्राकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. गोरी, भरल्या गालांची बाई, नाकात नथ, गळ्यात चार पदरी माळ.

"ही कोन?"

"आई."

"आईच्या नाकात कवा नथ हुती, राजा? उपाशी मानूस असं गुबगुबीत असतंय व्हय? ही त्या पेंटरची सासू असंल. हिला तुमी रोज फुलं वाहता?"

"मग तू सांग कशी हुती. तुज्याकडं तरी काय हाय?"

"माज्याकडं हुती," आक्काताई म्हणाल्या. "पाच नंबरच्या रिळात हुती. सात मिन्टं."

राजारामांना काही समजलं नाही. बहीण काय बोलतेय ते त्यांनी तिच्या तोंडाकडं बघत पुन्हा ऐकल्यासारखं केलं.

"आई सिनेमात?"

"खडी फोडत हुती ती रोज. मी कॅमेरा तिच्यापुढं ठेवला, एवढंच. मुकादम तिचं काम तुज्या नावावर मांडायचा, घरात बाप्या तू म्हनून. ती हातोडा टाकून उठली आन म्हनली, हात माजं आन नाव लेकाचं का? खरंच तशी म्हनलेली. मी परत म्हनाय लावलं आन शूटिंग घेतलं. ज्या बाईनं हे पडद्यावर म्हनलं, तिच्याच सिनेमावर मी निर्मात्याचं नाव घालू व्हय?"

"मला आई बोलली न्हाई."

"कशी बोलंल? सिनेमाचा शब्द घरात काढू नगा म्हनून पत्र कुनी धाडलं हुतं? डबे ठिवताना मी तुला म्हनलं हुतं, जपून ठेव, ह्यात आपलं घर हाय. तू इचारलं बी न्हाईस, घर म्हंजे काय."

राजाराम चित्राकडं बघत नव्हते. ते पायाशी पडलेल्या गुंत्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं साताऱ्याचं थेटर आलं. चौऱ्याहत्तर साल, ते महिन्याच्या रजेवर. एसटी स्टँडवर कुणीतरी म्हणालं होतं, तुझ्या बहिणीचा सिनेमा लागलाय, नाचती का रं त्यात? ते तसेच थेटरापर्यंत गेले. दारात उभे राहिले. आतून बाईच्या भांडण्याचा आवाज येत होता, मोठा, चिडलेला. बहिणीचंच काहीतरी सोंग असेल असं वाटून लाजेनं त्यांना घाम फुटला आणि ते माघारी फिरले. तो आवाज कुणाचा होता, हे त्यांना आज वीस वर्षांनी कळत होतं.

"पाच नंबर गेल्या साली पेटवला का औंदा लावला?" त्यांनी विचारलं.

कपिल आठवायला लागला. त्याला आठवेना. डबे काढताना त्यानं नंबर बघितलेच नव्हते.

"औंदा," दीपमाला म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. "पापडाचा डबा पाच नंबरचा हाय. संक्रांतीच्या आदल्या दिशी ह्यांनी रिकामा करून दिला. मला पक्कं ठावं हाय."

राजाराम उठले. "कपिल, समदी काढायची. आत्ता."

"आबा, पट्ट्या काढल्या तर दोन दिसांत पाखरं माल फोडतील. तोड्याला आठ दिस हायत. वर्साचं काम हाय."

"जाऊ दे," आम्रपाली म्हणाली.

"तुला काय जातंय जाऊ दे म्हनाय? तुज्या कॉलेजाची फी त्यातनंच जाती."

"मग नको भरू फी. पर आजीला त्या तारंवर ठिवू नगंस."

"काढ म्हनतो ना," राजाराम म्हणाले. "ऑर्डर हाय."

कपिलनं पंप उतरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, बागेसाठी की कशासाठी, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दुपार सगळी त्यात गेली. खालून दीपमाला धरायची, कपिल शिडीवरून गाठी सोडायचा, आणि आक्काताई ओळीच्या टोकाला पांढऱ्या चादरीवर बसून एकेक तुकडा उजेडात धरून वाचायच्या. चार रिळं एकमेकांत मिसळली होती. पुष्कळ तुकड्यांवर काही उरलंच नव्हतं, औषधानं चित्र विरघळून नुसती काचेसारखी पट्टी राहिली होती. तसले तुकडेही त्या बाजूला नीट रचत होत्या. आम्रपाली शेजारी बसून हळूहळू शिकली, कुठली बाजू चकचकीत, कुठली खरखरीत, आणि चित्र कुठल्या बाजूला असतं. ओळी मोकळ्या होत गेल्या तशा साळुंक्या आधी डांबावर बसल्या, मग मांडवावर, मग घडांवर. कपिलनं एकदाच तिकडं बघितलं आणि परत गाठीला हात घातला.

चार वाजायच्या सुमाराला आक्काताईंच्या हातात हातभर लांबीचा एक तुकडा आला. त्यांनी तो उन्हात धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"राजा."

राजाराम आले. त्यांनी चष्मा घातला, चादरीच्या कडेला गुडघ्यांवर बसले. बहिणीनं तुकडा त्यांच्या हातात दिला, बोटं कडेला धरायची, मधे लावायची नाहीत, ते दाखवलं. निळ्या डागांच्या मधे बोटाच्या पेराएवढी बाई होती. डोक्याला फडकं, गाल आत गेलेले, हातोडा धरलेला हात अर्धा उचललेला, तोंड उघडं. नाकात काही नव्हतं. तिच्याखाली तीच. तिच्याखाली परत तीच. राजारामांनी वरपासून खालपर्यंत सगळी पट्टी बघितली, हातोडा कुठंच खाली आला नव्हता. त्यांनी पट्टी जवळ घेतली, लांब धरली, जरा हलवून बघितली.

"आक्का," ते म्हणाले, "ही हलंना का?"

आक्काताईंनी पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"हलायची," त्या म्हणाल्या. "हातोडा टाकून उठायची, मुकादमाच्या अंगावर जायची, बोलायची. साताऱ्यात अकरा दिस बोलत हुती. तू बघाय आला न्हाईस."